सशाचं काळीज आणि दोन बेस गिटार

समुद्राच्या तळाशी ड्रॅगन राजा आजारी पडतो. औषध एकच, सशाचं काळीज. पण ससा राहतो जमिनीवर, डोंगरात. दरबारातले मासे आणि खेकडे माना खाली घालून बसतात. शेवटी एक कासव म्हणतं, मी जातो. बिचारं इतकं लांब पोहतं की पाण्यावर हनुवटी घासून घासून त्याचा जबडा आखडतो. किनाऱ्याला लागल्यावर दूरवर ससा दिसतो. कासव अदबीनं हाक मारायला जातं, ‘तो-सेंगवन!’ म्हणजे ‘ससेराव!’ पण आखडलेल्या जबड्यातून निघतं, ‘हो-सेंगवन!’ आणि ‘हो’ म्हणजे वाघ. आपल्याला आजवर कुणी इतक्या मानानं बोलावलं नाही, म्हणून वाघोबा खूश होऊन डोंगर उतरायला लागतात.

कोरियातल्या ‘सुगुंगा’ नावाच्या पान्सोरीतला हा प्रसंग. पान्सोरी म्हणजे एक गायक, त्याच्या हातात एक पंखा, शेजारी ढोल घेऊन बसलेला एक वादक, आणि तीन-तीन तास चालणारी गोष्ट. २०२० साली ‘ई नालची’ नावाच्या बँडनं या वाघाच्या प्रसंगाचं गाणं केलं. चार पान्सोरी गायक, एक ड्रमर आणि दोन बेस गिटार. साधी गिटार नाहीच. कोरियाच्या पर्यटन संस्थेनं ते जाहिरातीला घेतलं. व्हिडिओत जुन्या दरबारी टोप्या आणि भडक ट्रॅकसूट एकत्र घातलेले नर्तक सोलच्या रस्त्यांवर विचित्र उड्या मारत फिरतात. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. मीही पाहिला, लॉकडाऊनमध्ये, एका बाजूला बिल्ड चालू असताना. मग पुन्हा पाहिला.

ही गोष्ट पुढे कशी जाते हे मला कुणी न सांगताच माहीत होतं. कासव सशाला भुलवून समुद्रात नेतं. तिथे पोहोचल्यावर ससा म्हणतो, अरेरे, काळीज तर मी घरीच ठेवून आलो, चला परत. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे ससा नसतो, माकड असतं. कासव नसतं, मगर असते. काळीज जांभळाच्या झाडावर टांगलेलं असतं. जातकांमध्ये आणि पंचतंत्रात असलेली ही गोष्ट बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे कोरियात पोहोचली. बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासात ती ससा आणि कासव होऊन बसलेली दिसते. पंचतंत्रात हृदय आहे, कोरियात यकृत. आपल्या ‘काळीज’ या शब्दात दोन्ही मावतात, त्यामुळे भाषांतराचा प्रश्नच मिटला.

म्हणजे कोरियाच्या अस्सल परंपरेतला अस्सल प्रसंग मुळात आपल्या बाजूनं गेलेला. तरी पान्सोरी कोरियन नाही असं कोण म्हणेल? या एका गाण्यापायी मी गेली काही वर्षं कोरियन पारंपरिक संगीत, म्हणजे ‘गुगाक’, ऐकत आणि त्याबद्दल वाचत आले. ऑफिसात दोघी-तिघी कोरियन भाषा शिकतायत, त्यांचा रस्ता के-ड्रामातून गेला. माझा कासवामागून गेला.

‘गुगाक’ म्हणजे ‘राष्ट्राचं संगीत’. हा शब्द रूढ झाला तो पाश्चात्त्य संगीत दारात येऊन उभं राहिल्यावर. दुसरं काही आल्याशिवाय आपल्याला ‘आपलं’ असं वेगळं नाव लागतच नाही. पण या ‘आपल्या’ची वंशावळ काढायला बसलं की गंमत येते. कन्फ्युशियन विधींचं दरबारी संगीत १११६ साली चीनच्या सम्राटानं कोर्यो राज्याला भेट दिलेल्या वाद्यांसकट आलं. ‘पिरी’ ही छोटी, जाड आवाजाची सनईसारखी पुंगी मध्य आशियाच्या वाटेनं आली. ‘हेगम’ या दोन तारांच्या वाद्याचा उगम उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांमध्ये सांगतात. आणि ‘यांगगम’ या हातोडीनं वाजवायच्या तंतुवाद्याचं नावच मुळी ‘पाश्चात्त्य वाद्य’ असं आहे. युरोपातून चीनमध्ये आणि तिथून अठराव्या शतकात कोरियात. आज ते पारंपरिक वाद्यांच्या यादीत निवांत बसलंय.

पंधराव्या शतकात राजा सेजोंग गादीवर होता. हंगुल लिपी देणारा तोच हा राजा. त्यानं बाक यन या संगीतज्ञाकडून दरबारी संगीताची घडी नीट बसवून घेतली. पण त्याचं मन चिनी सुरांत रमेना. आमचे पूर्वज जिवंतपणी आमचं संगीत ऐकायचे, मेल्यावर त्यांना चिनी संगीत का ऐकवायचं, असा त्याचा रोकडा प्रश्न होता. त्यानं काठीनं जमिनीवर ठेका धरत एका संध्याकाळी नव्या संगीताच्या लयी बसवल्या, अशी नोंद राजदरबाराच्या बखरीत आहे. त्याच्या काळात ‘चंगगानबो’ ही स्वरलिपीही निघाली. कागदावर चौकोनांचे उभे रकाने, एक चौकोन म्हणजे काळाचा एक तुकडा, त्यात सुराचं नाव. चौकोन रिकामा असेल तर आधीचा सूर चालू. ही पानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला लॅपटॉपवर बीट बनवायच्या ॲपमधली जाळी आठवली. फरक इतकाच की ती आडवी असते आणि ही वरून खाली वाचायची. सेजोंगनं रचलेलं संगीत पुढे १४६४ साली राजघराण्याच्या पूर्वजांच्या देवळात, जोंगम्योत, लागू झालं आणि आजही तिथे वाजतं.

मग १९१० साली जपाननं कोरिया गिळला. दरबार गेला, दरबारी वादक मूठभर उरले. १९४५ला सुटका झाली, देशाची फाळणी झाली, १९५०ला युद्ध पेटलं. राष्ट्रीय गुगाक केंद्र १९५१ साली उघडलं ते बुसानमध्ये, कारण सोलमधून पळालेले सगळेच तिथे होते. त्याच वर्षी बुसानमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या एका शाळकरी पोरानं गायागम शिकायला सुरुवात केली. ह्वांग ब्यंग-गी त्याचं नाव. त्याच्याकडे पुढे येते.

आधी १९६२ सालचा एक कायदा सांगायला हवा, कारण खरं भांडण तिथे आहे. पार्क चंग-ही या लष्करशहाचं सरकार होतं. देश झपाट्यानं कारखान्यांकडे वळत होता आणि जुनं सगळं मोडीत निघेल अशी धास्ती होती. म्हणून सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा आला. अमूर्त वारशाची यादी झाली. १९६४ साली जोंगम्योच्या संगीताला पहिला क्रमांक मिळाला, पान्सोरीला पाचवा. जाणकार कलाकारांना ‘धारक’ ठरवून महिना मानधन सुरू झालं. लोक त्यांना ‘जिवंत ठेवा’ म्हणू लागले. कायद्याचा गाभा एका शब्दात होता, ‘वनह्यंग’, म्हणजे मूळ रूप. ते जसंच्या तसं राखायचं.

या कायद्यानं पुष्कळ वाचवलं, हे आधी कबूल करू. तो नसता तर कितीतरी गाणी शेवटच्या म्हाताऱ्याबरोबर गेली असती. पण मूळ रूप म्हणजे नेमकं कधीचं? पान्सोरी गायक गुरूची चीज शिकून तिच्यात आपला तुकडा घालायचा, आणि चांगला असेल तर तो पुढे चालायचा. तंतुवाद्यांवरचं ‘सांजो’ हे एकल वादन तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जन्मलं. गायागमवरच्या सांजोचं श्रेय किम चांग-जो याला देतात आणि तो वारला १९१९ला. कायद्यानं १९६०च्या दशकात हयात असलेल्या वादकांचं वादन पकडलं आणि सांगितलं, आता हलायचं नाही. आमच्या भाषेत, कोणत्या तरी मंगळवारचा कोड ‘मूळ’ म्हणून लॉक केला. गंमत म्हणजे हेच सरकार १९७०पासून ‘नवं गाव’ चळवळीत गवताची छपरं आणि त्यांच्याबरोबर अंगात येणाऱ्या मुदांगांची देवळं हटवत होतं. गावागावात ज्या विधींमधून हे ठेके आले ते अंधश्रद्धा, आणि यादीत घातलेले तेच ठेके राष्ट्रीय ठेवा.

आता ह्वांग. त्यानं सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि गायागम सोडलं नाही. गायागम म्हणजे पॉलोनिया लाकडाच्या लांब पेटीवर ताणलेल्या पिळदार रेशमाच्या १२ तारा, प्रत्येकीखाली सरकवता येणारी छोटी लाकडी घोडी. उजवा हात छेडतो. खरी करामत डाव्या हाताची. घोडीच्या पलीकडे तार दाबून, हलवून, सोडून तो सुराला थरथर देतो. याला ‘नोंगह्यन’ म्हणतात. आपल्या कानांना गमक लगेच आठवेल. छेडल्यानंतर सूर संपत नाही, तिथून तो जगायला लागतो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

१९६२ साली, म्हणजे कायद्याच्याच वर्षी, ह्वांगनं ‘सुप’ म्हणजे ‘अरण्य’ ही रचना केली. गायागमसाठीची ती पहिली आधुनिक रचना मानतात. १९७४च्या ‘चिमह्यांगमू’साठी त्यानं बौद्ध मंत्रगायनातून सूर घेऊन वाद्य नव्यानं लावलं. ‘बिदानगिल’ म्हणजे रेशीममार्ग ही रचना सुचली सिल्ला राजांच्या थडग्यात सापडलेल्या पर्शियन काचेच्या भांड्यावरून. त्याचं म्हणणं मला कळतं ते असं: जुनं राखायचं तर पन्नास वर्षं जुनं कशाला, हजार वर्षं मागे जा, तिथे सगळं जग येऊन बसलेलं दिसेल.

आणि मग १९७५ सालचं ‘मिगुंग’, म्हणजे चक्रव्यूह. यात गायागम चेलोच्या गजानं घासलंय. सोबत होंग शिन-जा या नर्तकीचा आवाज. ती हसते, रडते, कण्हते, मध्येच वर्तमानपत्र वाचते. पहिल्या प्रयोगाला एक बाई किंचाळत बाहेर पळाली असं सांगतात. २००१ साली ‘व्हाइट डे’ या कोरियन हॉरर गेममध्ये हे संगीत वापरलं आणि शाळकरी पोरांत अफवा पसरली की ते तीनदा ऐकलं की माणूस मरतो. मी तीनहून जास्त वेळा ऐकलंय. रात्री एकटीनं नाही. शेवटी ती बाई एक मंत्र म्हणते. उच्चार कोरियन आहेत, पण कान दिला तर कळतं, प्रज्ञापारमिताहृदयाच्या शेवटचा संस्कृत मंत्र आहे तो. होंग शिन-जा सत्तरच्याच दशकात भारतात आली आणि रजनीशांची शिष्या झाली. रजनीश तेव्हा पुण्यात, कोरेगाव पार्कात होते. त्या रस्त्यावरून मी कित्येकदा गेलेय.

दुसरा माणूस युन ई-सांग. जन्म १९१७चा. १९५६ला युरोपात गेला, जर्मनीत राहिला, पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासाठी लिहू लागला. पण लिहायचं काय? त्याचं म्हणणं, युरोपात सूर पेन्सिलीच्या रेघेसारखा सरळ असतो, आमच्याकडे तो ब्रशच्या फटकाऱ्यासारखा, जाडबारीक होत, कंप पावत जाणारा. नोंगह्यनच हे. १९६६ला डोनाऊएशिंगेनच्या महोत्सवात त्याची ‘रेआक’ ही रचना वाजली. जर्मन ऑर्केस्ट्रातले शेकडो तास सरळ सूर घोटलेले वादक कोरियन दरबारी संगीतासारखे हळूहळू वाकत, उमलत वाजवू लागले. त्याचं नाव झालं.

पुढच्याच वर्षी, जून १९६७मध्ये, दक्षिण कोरियाच्या गुप्तहेरांनी त्याला पश्चिम बर्लिनमधून पळवून सोलला नेलं. १९६३ला तो उत्तर कोरियाला जाऊन आला होता, म्हणून हेरगिरीचा आरोप. छळ झाला, जन्मठेप झाली. स्त्राविन्स्की आणि काराजानसकट जगभरच्या संगीतकारांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या, जर्मन सरकारनं दबाव आणला, तेव्हा १९६९ला तो सुटला. तुरुंगात त्यानं एक ऑपेरा लिहून पूर्ण केला. त्यानंतर तो दक्षिण कोरियात पाय ठेवू शकला नाही. १९९५ला बर्लिनमध्ये वारला. २०१८ साली त्याच्या अस्थी समुद्रकाठच्या तोंगयंगला, त्याच्या गावी, आणल्या. एका हातानं कोरियन संगीताचं ‘मूळ रूप’ काचेत ठेवणाऱ्या सरकारनं दुसऱ्या हातानं हे केलं. परंपरा जपणारे आणि परंपरा जगणारे यांच्यात नेहमी सख्य असतंच असं नाही.

‘सामुलनोरी’ची गोष्ट वेगळ्या टोकाची. फेब्रुवारी १९७८, सोलमधलं ‘स्पेस’ नावाच्या इमारतीतलं छोटं थिएटर. किम दक-सू आणि त्याचे तीन साथीदार चार वाद्यं घेऊन खाली बसले: छोटी झांज ‘क्वेंगवारी’, मोठी घंटा ‘जिंग’, दोन तोंडांचं ‘जांगू’ आणि ढोल ‘बुक’. वीज, वारा, पाऊस, ढग अशी त्यांची उपमा. किम पाच वर्षांचा असल्यापासून गावोगाव फिरणाऱ्या नामसादांग खेळियांच्या फडात वाढलेला. हे संगीत शेताच्या बांधावर, अंगणात, नाचत वाजवायचं. पण सत्तरच्या दशकात गावं रिकामी होऊन शहरात आली होती. अंगणच उरलं नव्हतं. या चौघांनी नाच काढला, बसकण मारली, वेगवेगळ्या प्रांतांचे ठेके एकत्र गुंफले आणि नुसत्या लयीवर बंद खोली हलवून सोडली. ‘चार वस्तूंचा खेळ’ हे नाव एका लोकसंस्कृतीच्या अभ्यासकानं दिलं. आज हा कोरियाचा पुरातन तालवाद्य प्रकार म्हणून दाखवला जातो. तो माझ्या आईच्या वयाचासुद्धा नाही.

टीका झालीच: खेळणारे आणि बघणारे असा भेद नव्हता, तो तुम्ही केलात. टीका खरी आहे. पण सामुलनोरीनं पुढे ऑस्ट्रियन सॅक्सोफोनवादक वोल्फगांग पुशनिगच्या ‘रेड सन’ या जॅझ गटाबरोबर रेकॉर्ड केलं, त्यातलं १९९४चं ‘देन कम्स द व्हाइट टायगर’ ऐका. सॅक्सोफोन जागा शोधत फिरतो आणि ठेका आपली जागा सोडत नाही.

इथे मला माझी फूटपट्टी मिळाली. सरमिसळ तर नेहमीचीच. बघायचं एवढंच, की कोण कुणासाठी वाकतंय.

उदाहरण घ्या. २००६ साली सोलच्या एका विद्यापीठाच्या गायागम ऑर्केस्ट्रानं पाखेलबेलचा ‘कॅनन’ वाजवला, सोबत बीटबॉक्स आणि बी-बॉय नाच. घरांच्या जाहिरातीत तो देशभर गाजला. ऐकायला गोड आहे, नाही म्हणत नाही. पण ही गायागम २५ तारांची, पाश्चात्त्य सप्तकात लावलेली. तारा वाढल्या, ताण वाढला, वेग वाढला, डाव्या हाताला थरथरायला वेळच उरला नाही. वाद्य कोरियन, सूर पेन्सिलीचे. उत्तर कोरियानं तर वाद्यंच अशी सुधारून घेतली, आणि पान्सोरीचा घोगरा आवाज किम इल-संगला आवडत नाही म्हणून तिथे तो बंदच झाला.

याच्या नेमकं उलट सायमन बार्कर. हा ऑस्ट्रेलियाचा जॅझ ड्रमर. पूर्व किनाऱ्यावरच्या मुदांग घराण्यातले वादक किम सक-चुल यांचं रेकॉर्डिंग त्यानं ऐकलं आणि सात वर्षं त्यांच्या शोधात कोरियाच्या फेऱ्या मारल्या. ‘इंटॅन्जिबल ॲसेट नंबर ८२’ या माहितीपटात ही कहाणी आहे. ८२ हा यादीतला त्यांच्या विधीचा क्रमांक. वाटेत त्याला पान्सोरी गायक बे इल-दोंग भेटला, जो सात वर्षं डोंगरात धबधब्याशेजारी राहून त्याच्या आवाजावर मात करत गळा तयार करत होता. बार्कर त्यांच्याकडून श्वास कसा घ्यायचा हे शिकला आणि त्याचं ड्रम वाजवणं बदललं. अखेर २००५ला किम सक-चुल भेटले, आजारी, थकलेले. भेटीनंतर काही दिवसांतच ते गेले.

या सगळ्यानंतर नव्या पोरांकडे आलं की गोंधळ कमी होतो. ‘जांबिनाई’ हा २००९चा बँड. तिघे एकाच कला विद्यापीठात पिरी, हेगम आणि गॉमुन्गो शिकलेले. गॉमुन्गो हे सहा तारांचं वाद्य बांबूच्या काडीनं ठोकून वाजवतात, म्हणजे ते मुळातच अर्धं तालवाद्य. जांबिनाईत ते एखाद्या मेटल बँडच्या रिफसारखं कोसळतं. २०१८च्या प्यंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात ते वाजले. ब्लॅकपिंकच्या ‘पिंक व्हेनम’च्या सुरुवातीला जो खर्जातला ठणका आहे, तोही गॉमुन्गोचाच. ‘सिंगसिंग’नं २०१७ला अमेरिकेतल्या ‘टायनी डेस्क’वर भडक विग आणि उंच टाचांचे बूट घालून मध्य कोरियाची लोकगीतं गायली. त्यांचा गायक ई ही-मून लोकगीतांची रीतसर तालीम घेतलेला. बायकी पोशाखातला पुरुष बघून लोक दचकले. पण मुदांग विधीत पुरुषानं बाईचा वेश घेणं काही नवं नव्हतं. ‘सिंगसिंग’चा बेसवादक चांग यंग-ग्यू. त्यानंच पुढे ‘ई नालची’ उभा केला. नाव घेतलं एकोणिसाव्या शतकातल्या एका थोर पान्सोरी गायकाचं.

आणि कायदा? २०१६पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातून ‘वनह्यंग’, म्हणजे मूळ रूप, हा शब्द निघाला. त्याजागी ‘चनह्यंग’ आला, म्हणजे साधारणपणे ओळख पटवणारा गाभा. गाभा राखा, बाकी बदलू द्या. त्यानंतर चार वर्षांनी सरकारी संस्थेनंच वाघाचं गाणं पर्यटनाला जुंपलं. पाचव्या क्रमांकाचा राष्ट्रीय ठेवा आणि मोबाइलवरची जाहिरात, दोन्हीत तोच प्रसंग, जवळपास तेच शब्द.

माझ्या फूटपट्टीनं ई नालची पास होतो का? पूर्ण नाही. मूळ पान्सोरीत हा प्रसंग ‘एत्मोरी’ ठेक्यात आहे. दहा मात्रा, तीन-दोन-तीन-दोन. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन, म्हणजे हा त्याचा आरसा. एत्मोरी लंगडतो. मोठं, जड, गूढ काहीतरी येतंय हे सांगायला पान्सोरीत हाच ठेका घेतात. ई नालचीनं तो सोडून सरळ चार-चारची नाचरी बीट घेतली. वाघाची चाल गेली, हे नुकसान आहेच. पण गळे पाहा. चौघांनी एक सूर सपाट केलेला नाही. गिटार आणि कीबोर्ड नसल्यामुळे कॉर्डची भिंतच नाही, त्यामुळे आवाजाला हवं तिथे वाकायला, घसरायला, खरवडायला जागा आहे. दोन बेस खाली जमीन धरून ठेवतात, ढोलवाला धरायचा तशी.

दोन्ही ऐकायचे असतील तर आधी जुनं रेकॉर्डिंग लावा, एक गायक आणि एक ढोलवाला असलेलं, आणि बोटांवर तीन-दोन-तीन-दोन मोजत राहा. मध्येच ढोलवाला ‘ऑल्शिगू!’ म्हणून दाद देईल. मग ई नालची लावा. वाघ तोच आहे. कासवाचा जबडा अजून आखडलेलाच आहे.